घसारा

जून संपतो त्या रात्री गावात दोनच दिवे जळतात.
एक बेकरीचा, पहाटेच्या पावासाठी,
दुसरा माझा.
क्लबचं आर्थिक वर्ष बारा वाजता मरतं
आणि ताळेबंद मला मांडायचा असतो.

लोकांना वाटतं, रग्बी म्हणजे चिखल.
एकोणीस वर्षांत माझा बूट चिखलाला लागलेला नाही.
माझ्याकडे येते ती कागदावरची रग्बी:
टीव्हीवाल्यांचा हप्ता,
वरच्या क्लबांच्या ओंजळीतून गळत गळत
आमच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात थेंब पोचतो तो.
छातीवरच्या नावाचे पैसे वेगळे,
चड्डीच्या मागच्या नावाचे वेगळे
(तिथं यंदा एक विमा कंपनी बसली आहे).
आणि बिअर. खरं सांगू?
तिकिटांपेक्षा बिअरच जास्त.
उरलेली भोकं अध्यक्ष बुजवतात,
बदकाचं मांस डब्यात भरून विकणारे मस्यू द्युकासू.
हरलो की ओरडतात,
अरे, एवढी बदकं मारली मी तुमच्यासाठी!

खेळाडू कुठल्या रकान्यात घालायचे
हे मला पहिल्या वर्षी कळेना.
जुन्या हिशोबनिसानं बोट ठेवलं:
बसच्या खाली, गवत कापायच्या यंत्राच्या वर.
सोडवून आणायला मोजलेली रक्कम
कराराच्या वर्षांत वाटायची,
दर जूनला एक तुकडा खोडायचा.
याला म्हणतात घसारा.
गुडघ्यात हाच शब्द कसा वाजतो
ते फिजिओला विचारा.

पेसेली आला चार वर्षांपूर्वी,
फिजीच्या कुठल्याशा बेटावरून,
एकशे अठरा किलो, एक नंबरचा प्रॉप,
नोव्हेंबरच्या थंडीत सपाता घालून.
दर पाच तारखेला टेबलासमोर उभा राही.
बसत नसे, एक खुर्ची आधीच मोडली होती.
दहा टक्के ऑकलंडच्या एजंटला,
निम्मा पगार घरी:
भावाच्या होडीचं इंजिन, कुणाची तरी नर्सिंगची फी,
चर्चचं छप्पर.
"मादाम, आमच्या खेळात चेंडू मागेच द्यावा लागतो,"
म्हणून हसायचा.
छप्पर झालं तेव्हा फोटो दाखवला.
लाल पत्रे. मी सवयीनं मोजले.
चव्वेचाळीस.
साधारण एक गुडघा.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी
सकाळी नऊला त्यानं पगाराची पावती मागितली.
दिली.
साडेदहाला तो पुन्हा आला,
तसाच दारात वाकून,
तेच शब्द, तेच हसू.
मी दुसरी छापली.
शनिवारी बढतीचा सामना होता
आणि राखीव प्रॉपचा खांदा गेलेला.
डॉक्टर विचारायचे: कुठलं मैदान?
कितवा हाफ? शेवटचे गुण कुणाचे?
ते सगळं त्याला बरोबर यायचं.
पावतीचं कुणी विचारलं नाही.
मीही बोलले नाही.

जिंकलो.
वरच्या विभागात टीव्हीचा हप्ता मोठा.
मस्यू द्युकासूंनी मला सहा डबे पाठवले,
अजून फोडलेले नाहीत.

आज दुपारी तो शेवटच्या सहीला आला.
करार वाढला नाही,
वर नव्या लोकांना जागा हवी.
रकान्यात त्याची उरलेली किंमत: शून्य.
सही करून दारात थांबला.
"एक सांगू? तुम्ही सगळे पेसेली म्हणता.
आमच्याकडे त्या अक्षराचा उच्चार थ.
पेथेली."
मी म्हटलं, चार वर्षांत कधी सांगितलं नाहीस?
"सांगितलं होतं, मादाम.
पहिल्या दिवशी."

बाराला पाच कमी.
बेकरीवाल्यानं शटर अर्धं वर केलंय.
खणात दोन पावत्या आहेत, एकीवर एक,
मी जपून ठेवलेल्या प्रती.
तारीख एकच,
नाव दोन्हींवर चुकीचं,
सही माझी.